काळ्या पावडर कोटिंगखालचं साधं लोखंड

आमच्या विमानाच्या शेपटीच्या चाकाच्या पट्टीला भोक पाडणाऱ्या अण्णांनी ड्रिलचं हँडल सोडलं, खाली पडलेला लोखंडाचा कीस उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "दादा, हे तुमचं क्रोममोली नव्हे. नळीला भोक पाडताना हाच ड्रिल किती ओरडत होता, आठवतंय? हे तर मागाच्या पट्टीसारखं कापलं जातंय." मी मानायला तयार नव्हतो. पोलादाचं सर्टिफिकेट माझ्या फायलीत होतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना होता. माग विकल्यावर शेड रिकामी झाली. तिथं गेली चार वर्षं मी आणि माझा भाचा दोन आसनी विमान बांधतोय. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांच्या बातम्या वाचून डोक्यात बसलेलं हे वेड. उडवण्याआधी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवानग्या लागतात, तो प्रवास पुढे आहे. सध्या शेपटीचं काम चालू आहे.

आमचं विमान टेलव्हीलचं. पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटीखाली एक लहान. या लहान चाकाच्या फोर्कवर एक आडवा आर्म बसतो. त्याच्या दोन टोकांपासून स्प्रिंग आणि साखळ्या रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या हलत्या पात्याच्या, खालच्या हॉर्नला (बाहेर आलेल्या आडव्या दांड्याला) जातात. पायानं पेडल दाबलं की रडरबरोबर चाकही वळतं. वेग कमी असताना रडरला पुरेशी हवा मिळत नाही, तेव्हा विमान सरळ ठेवायला हे चाक आणि ब्रेक एवढंच हाती उरतं. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे असतो, म्हणून शेपूट एकदा बाजूला घसरायला लागली की आपोआप जास्तच घसरते आणि विमान गर्रकन फिरतं. पंख जमिनीला घासतो, चाकाचा पाय मोडतो. त्या क्षणी आर्म वाकला तर माणूस काहीही करू शकत नाही. हाताच्या पंजाएवढ्या या पट्टीसाठी मी इतका जीव का टाकतोय, त्याचं कारण हे.

ड्रॉइंगमध्ये आर्मसाठी ४१३० पोलाद, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं क्रोममोली, सांगितलं होतं. एका परगावच्या विक्रेत्याशी फोनवर ओळख झाली. त्याच्याकडून आधी थोडी ४१३० ची नळी मागवली होती, ती खरी निघाली. इंजिन माउंटला तीच वापरली आहे, आणि तिचा तुकडा मी पुण्याच्या लॅबमध्ये तपासून घेतला होता. त्या एका खऱ्या मालानं माझा विश्वास बसला. मग त्यानंच विचारलं, "साहेब, टेलव्हीलचा आर्म तयारच देऊ का? बाहेरून आलेला आहे, दोनच सेट उरलेत." आर्म, बोल्ट, साखळी, स्प्रिंग मिळून १४,५०० रुपये, सगळे आगाऊ. मी यूपीआयनं पाठवले.

माल आला तो सुरेख काळा पावडर कोटिंग केलेला. "गंज येऊ नये म्हणून आमच्याकडूनच करून दिलंय," म्हणाला. बोल्ट पाव इंची, पण आर्मचं भोक साडेपाच मिलिमीटरचं. "तुमच्या बोल्टला नेमकं बसेल असं रीम करून, म्हणजे भोक मोठं करून, घ्या." बोलणं अगदी जाणकाराचं होतं, कारण घट्ट बसण्यासाठी लोक खरंच तसं करतात. या दोन उपकारांतच सगळा डाव होता. कोटिंगमुळे पत्र्यावर हीट नंबरचा (पोलादाच्या त्या वितळणीच्या क्रमांकाचा) पंच आहे की नाही ते दिसत नाही. आणि बसवण्यासाठी भोक पाडावंच लागतं, ते पाडलं की माल वापरलेला ठरतो. मी फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही ड्रिल मारलंय, आता परत कसा घेऊ?"

अण्णांनी ग्राइंडरवर खात्री करून दिली. आधी खऱ्या नळीचा तुकडा धरला, ठिणग्यांना फाटे फुटत होते. मग आर्मची कड धरली, तर लांब सरळ रेघा आणि फुलबाजे जवळजवळ नाहीत. घरी तपासायचं असेल तर खरा नमुना शेजारी ठेवूनच तपासा. नुसत्या ठिणगीवरून मीही चुकलो असतो. मग धातूतले घटक मोजणारी स्पेक्ट्रो टेस्ट केली. ४१३० मध्ये क्रोमियम ०.८० ते १.१० टक्के आणि मॉलिब्डेनम ०.१५ ते ०.२५ टक्के लागतं. आमच्या आर्ममध्ये क्रोमियम ०.०४ निघालं, मॉलिब्डेनम नावालाही नाही. बोल्टची डोकी सपाट होती. विमानासाठीच्या प्रमाणित (एएन) बोल्टवर फुलीसारखी खूण असते, तेही मी कोटिंगच्या चकचकाटात पाहिलं नव्हतं.

त्या रात्री दोन्ही सर्टिफिकेटं शेजारी ठेवली. नळीच्या कागदावरचा हीट नंबर आणि आर्मच्या कागदावरचा एकच. मापाच्या ओळीतली अक्षरं बाकीच्या कागदापेक्षा जाड. खऱ्या नळीचाच कागद स्कॅन करून त्यावर पत्र्याचं माप चढवलं होतं. हे दोन मिनिटांचं काम मी पैसे देण्याआधी केलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. भाचा पहिल्यांदा त्या विमानात बसणार होता.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तोवर १९ दिवस उलटले होते. ऑनलाइन पैसे गेले असतील तर पहिल्या तासाभरात फोन करा, तेव्हा रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, म्हणून सोलापूरच्या ग्राहक आयोगात कागद दिले आहेत. विक्रेत्याच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. लॅबचा रिपोर्ट, दोन्ही सर्टिफिकेटं आणि फोनवरचे त्याचे मेसेज जोडले आहेत.

नवा आर्म आता इथंच कापून घेतोय. पत्रा कोटिंगविना उघडाच मागवला, कोपऱ्यावर पंच आहे आणि तो कागदाशी जुळतो. तरीही त्याचा एक तुकडा परवा पुण्याला गेलाय. रिपोर्ट हातात येईपर्यंत ड्रिलला हात लावणार नाही, असं अण्णांनी सांगितलंय.