पेमेंटच्या पानावर कोण टिकतं? रिॲक्ट, व्ह्यू, स्वेल्ट आणि स्ट्राइप, पेपाल यांची झाडाझडती

रिॲक्ट, व्ह्यू, स्वेल्ट अशा फ्रंट-एंड फ्रेमवर्कची (वेबपान उभं करायच्या तयार सांगाड्यांची) तुलना बहुतेक वेळा टू-डू लिस्टवर होते. तिथे सगळीच गुणी दिसतात. पैसे घेणारं पान बनवायला घेतलं की चित्र पालटतं, कारण त्या पानावर स्ट्राइप, पेपाल अशा पेमेंट कंपनीचा आयफ्रेम (पानाच्या आत बसवलेलं परकं पान) पाहुणा म्हणून येऊन बसतो. डॉमवर (पानाच्या घटकांच्या रचनेवर) फक्त आपलाच हात फिरतो असं प्रत्येक फ्रेमवर्क धरून चालतं, आणि नेमकं हेच गृहीतक इथे मोडतं. म्हणून या परीक्षणात फ्रेमवर्कला एकच प्रश्न विचारला आहे: परक्या तुकड्याला धक्का न लावता तुला राहता येतं का? पेमेंटच्या साधनालाही एकच: ग्राहकाने मधेच टॅब बंद केला तर पैसे आले की नाही, हे सर्व्हरला कसं कळणार?

आधी परवान्यांचं. रिॲक्ट २०१३ मध्ये, व्ह्यू २०१४ मध्ये आणि स्वेल्ट २०१६ मध्ये खुलं झालं. तिन्ही आज एमआयटी परवान्याखाली आहेत. रिॲक्टला पूर्वी पेटंटचं एक वादग्रस्त कलम चिकटलेलं होतं, ते सप्टेंबर २०१७ मध्ये आवृत्ती १६ बरोबर गेलं. पेमेंटच्या बाजूला मात्र 'ओपन सोर्स' हा शब्द जपून वाचावा. स्ट्राइपचं रिॲक्टसाठीचं पॅकेज एमआयटी आहे खरं, पण ते नुसतं वेष्टन. आतली मुख्य स्क्रिप्ट स्ट्राइपच्याच डोमेनवरून लोड करावी लागते. ती उतरवून स्वतःच्या बंडलमध्ये (ब्राउझरला जाणाऱ्या एकत्रित कोडमध्ये) घालायला मनाई आहे, आणि त्यामागे पीसीआयचं, म्हणजे कार्डाच्या सुरक्षेच्या नियमांचं, कारण आहे. म्हणजे पॅकेजांच्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या लॉक फाइलमध्ये वेष्टनाची आवृत्ती गोठते, आतला माल गोठत नाही. पेपालचंही तसंच. मुळापासून खुलं काही हवं असेल तर हायपरस्विच बघावं. ते रस्टमध्ये लिहिलेलं असून अपाची २.० परवान्याखाली आहे. पण त्याचं काम वेगवेगळ्या गेटवेंमध्ये (पैसे पुढे पोचवणाऱ्या सेवांमध्ये) वाहतूक वळवायचं, पैसे शेवटी कुठल्यातरी गेटवेमधूनच जातात. एकच गेटवे वापरणाऱ्याला ते ओझंच होईल.

रिॲक्ट: सोय भरपूर, पाय घसरायच्या जागाही तितक्याच

स्ट्राइप आणि पेपाल या दोघांचं अधिकृत पॅकेज रिॲक्टसाठी मिळतं, हा त्याचा मोठा फायदा. चुका बहुतेक ठरलेल्या तीन ठिकाणी होतात.

पहिली, स्ट्राइप लोड करणारं फंक्शन कंपोनंटच्या (पानाचा एक तुकडा रेखाटणाऱ्या कोडच्या) आत लिहिणं. मग प्रत्येक रेंडरला नवं प्रॉमिस तयार होतं आणि 'स्ट्राइप प्रॉप बदलता येत नाही' अशी तक्रार कन्सोलवर येते. ती ओळ फाइलच्या माथ्यावर, कंपोनंटच्या बाहेर हवी.

दुसरी जास्त महागात पडते. रिॲक्ट १८ पासून स्ट्रिक्ट मोडमध्ये, डेव्हलपमेंट करताना, प्रत्येक इफेक्ट (कंपोनंट पानावर आल्यावर चालणारा कोड) मुद्दाम दोनदा चालवला जातो. पान उघडताच सर्व्हरकडून पेमेंट इंटेंट (स्ट्राइपकडची एका व्यवहाराची नोंद) मागवायचा कोड इफेक्टमध्ये असेल तर दर वेळी दोन इंटेंट तयार होतात. प्रॉडक्शनमध्ये ही दुहेरी चाल नसते म्हणून लोक दुर्लक्ष करतात, पण तिथे ग्राहक पान रिफ्रेश करतो आणि दुखणं तेच राहतं: डॅशबोर्डवर 'अपूर्ण' व्यवहारांचा ढीग. उपाय दोन आहेत. एक तर सर्व्हरवर कार्टच्या आयडीवरून आयडेंपोटन्सी की बनवून पाठवावी, म्हणजे दुसऱ्या मागणीला पहिलाच इंटेंट परत मिळतो. किंवा रक्कम आणि चलन एवढंच देऊन फॉर्म दाखवावा आणि इंटेंट बटण दाबल्यावर तयार करावा. या दुसऱ्या पद्धतीत क्रम चुकवू नका: आधी एलिमेंट्सचं (स्ट्राइपच्या तयार फॉर्मचं) सबमिट, मग सर्व्हरकडून इंटेंट, शेवटी कन्फर्म.

तिसरी चूक पेपालच्या बटणांची. बटणं ज्या डबीत रेखाटली आहेत ती डबीच एखाद्या स्टेटच्या बदलाने काढली गेली, तर 'कंटेनर डॉममधून नाहीसा झाला' अशा अर्थाची चूक येते. कूपन लावताना 'लोड होत आहे' दाखवायला अख्खा फॉर्म बदलणारे हमखास यात सापडतात. डबी जागेवर ठेवा, वरून पडदा टाका. चलन बदलायचं असेल तर मात्र पेपालची स्क्रिप्टच नव्याने लोड करावी लागते, कारण चलन स्क्रिप्टच्या पत्त्यातच लिहिलेलं असतं.

व्ह्यू आणि स्वेल्ट

स्ट्राइपचं अधिकृत वेष्टन यांच्यासाठी नाही, इतर डेव्हलपरांनी लिहिलेली वेष्टनं आहेत. ती न वापरता मूळ लायब्ररी थेट वापरलेली बरी, वीसेक ओळींत काम होतं. व्ह्यू ३ मध्ये एक खास अडचण आहे. साध्या रेफमध्ये (व्ह्यू ज्यातले बदल टिपतो त्या पेटीत) ठेवलेल्या ऑब्जेक्टभोवती व्ह्यू प्रॉक्सी, म्हणजे एक मधलं आवरण, गुंडाळतो, आणि आयफ्रेमशी बोलणाऱ्या स्ट्राइपच्या ऑब्जेक्टला ते झेपत नाही. शॅलो रेफ वापरा किंवा सरळ साध्या चलात ठेवा. आणि कार्डाचा फॉर्म लपवायला व्ही-शो वापरा. व्ही-इफ नोडच काढून टाकतो, त्याबरोबर ग्राहकाने भरलेला नंबरही जातो.

या परीक्षेत स्वेल्ट सगळ्यांत कमी त्रास देतं. ऑनमाउंटमध्ये जोडायचं, बाहेर पडताना काढायचं, मधल्या काळात ते त्या नोडकडे ढुंकूनही बघत नाही. सर्व्हरवर रेंडर होणाऱ्या पानात मात्र तिघांनाही एकच पथ्य: ही स्क्रिप्ट ब्राउझरमध्येच चालते, तेव्हा हाक तिथूनच मारा.

बूटस्ट्रॅप, टेलविंड आणि दिसण्याचा प्रश्न

बूटस्ट्रॅप ५ ने मे २०२१ मध्ये जेक्वेरी सोडली. टेलविंडचं युटिलिटी क्लासचं वेड आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण दोघांचेही क्लास आयफ्रेमच्या उंबऱ्याबाहेरच थांबतात. स्ट्राइपच्या पेमेंट एलिमेंटला रंग, कोपऱ्यांची गोलाई, अंतरं हे सगळं ॲपिअरन्स एपीआयमधून सांगावं लागतं. तुमच्या पानावरचे सीएसएस व्हेरिएबल आत पोचत नाहीत, तेव्हा त्यांची प्रत्यक्ष किंमत काढून द्या. फॉन्टचंही तसंच: पानावर फॉन्ट लोड आहे म्हणून आत दिसेल असं नाही, त्याच्या सीएसएसचा पत्ता वेगळा द्यावा लागतो. हुबेहूब जुळवायच्या नादात दोन दिवस घालवण्यापेक्षा थोडा फरक राहू द्यावा. कार्ड नंबर टाकणाऱ्याला त्या दोन पिक्सेलचं काही पडलेलं नसतं.

स्ट्राइप विरुद्ध पेपाल: पैशाची भाषा

दोन्ही एकाच प्रकल्पात जोडणाऱ्यांचा पहिला अपघात रकमेवर होतो. स्ट्राइपला रक्कम सर्वांत लहान एककात, पूर्णांक म्हणून हवी: १९.९९ डॉलर म्हणजे १९९९. पेपालला तीच रक्कम दशांश चिन्हासह मजकूर म्हणून हवी. त्यात जपानी येनला लहान एककच नाही, म्हणून स्ट्राइपला ५०० येन हे ५०० म्हणूनच जातात. सवयीने शंभराने गुणलं तर ग्राहकाला शंभरपट बिल. आणि जावास्क्रिप्टमध्ये १९.९९ गुणिले १०० हे १९९८.९९९९९९९९९९९९८ येतं. अपूर्णांक कापून टाकला की प्रत्येक विक्रीत एक सेंट गळतो. डेटाबेसमध्ये पहिल्यापासून पूर्णांक ठेवा, दशांश फक्त दाखवताना आणि पेपालला पाठवताना. रक्कम ठरवायची ती सर्व्हरवर. ब्राउझरमधून आलेल्या आकड्यावर विसंबणं म्हणजे गल्ल्याची किल्ली ग्राहकाच्या हातात देणं.

पेपालमध्ये ग्राहकाने 'मंजूर' म्हटलं म्हणजे पैसे आले असं नव्हे. त्यानंतर ऑर्डर कॅप्चर करावी, म्हणजे पैसे प्रत्यक्ष वळते करावे, लागते, आणि ते काम सर्व्हरवरच करावं. कॅप्चर करताना कार्ड नाकारलं गेलं तर 'इन्स्ट्रुमेंट डिक्लाइन्ड' हा कोड येतो. तेव्हा ऑनॲप्रूव्हमधून (ग्राहकाच्या मंजुरीनंतर चालणाऱ्या फंक्शनमधून) रीस्टार्ट केलं की त्याच खिडकीत ग्राहकाला दुसरं कार्ड निवडता येतं. ही पायरी बरेच जण गाळतात आणि ग्राहक कोऱ्या पानाकडे बघत बसतो.

खरी परीक्षा वेबहुकची

बटण कितीही देखणं असो, ऑर्डर पक्की करायची ती वेबहुकवरून, म्हणजे पेमेंट कंपनी तुमच्या सर्व्हरला स्वतःहून पाठवते त्या निरोपावरून. परतीच्या पानावर विसंबू नका, ग्राहक तिथे पोचेलच असं नाही.

स्ट्राइपचं वेबहुक नीट आखलेलं आहे. हेडरमध्ये वेळ आणि एचमॅक एसएचए-२५६ ची सही असते, लायब्ररी पाच मिनिटांपेक्षा जुनी विनंती नाकारते, आणि उत्तर मिळालं नाही तर लाइव्ह मोडमध्ये तीन दिवसांपर्यंत पुन्हा प्रयत्न होतात. 'सही जुळत नाही' ही तक्रार आली तर आधी दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, एक्सप्रेसमध्ये जेसन पार्सर आधी चालला आणि मूळ मजकूर बदलला. सही कच्च्या मजकुराची असते, तेव्हा त्या एका रूटला पार्सरच्या आधी, कच्च्या रूपात घ्या. दुसरी, स्थानिक चाचणीसाठी स्ट्राइप सीएलआय (कमांड लाइनचं साधन) वापरताना ते स्वतःचं वेगळं सायनिंग सीक्रेट देतं. डॅशबोर्डवरचं सीक्रेट तिथे चालत नाही.

इव्हेंट (वेबहुकचे निरोप) क्रमाने येतील याची हमी नाही, एकच इव्हेंट दोनदाही येतो. इव्हेंटचा आयडी युनिक कॉलममध्ये नोंदवा, आधी २०० उत्तर द्या, ईमेल आणि पीडीएफ मागाहून रांगेत. चेकआउट (स्ट्राइपचं स्वतःचं तयार पेमेंट पान) वापरत असाल तर 'सेशन पूर्ण' या इव्हेंटवर डोळे मिटून माल पाठवू नका. बँक खात्यातून उशिरा वळते होणाऱ्या पद्धतींत हा इव्हेंट येतो तेव्हा पेमेंट स्टेटस 'अनपेड' असतं. पैसे आल्याचा असिंक इव्हेंट नंतर वेगळा येतो.

पेपालही न पोचलेला इव्हेंट तीन दिवसांत २५ वेळांपर्यंत पुन्हा पाठवतं, पण पडताळणी जरा किचकट आहे. त्यात मजकुराचा सीआरसी३२ (मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा) आणि वेबहुकचा आयडी लागतो, किंवा त्यांच्या पडताळणी एपीआयला विचारावं लागतं. सिम्युलेटरमधून आलेले नकली इव्हेंट हा एपीआय पास करत नाही, त्यामुळे कोड बरोबर असूनही माणूस डोकं फोडत बसतो. चाचणी सँडबॉक्समध्ये (पेपालच्या चाचणी वातावरणात) प्रत्यक्ष करून बघितलेल्या व्यवहारावर करा.

कोणाला काय

विकायच्या वस्तू थोड्या आणि संघ लहान असेल तर फ्रेमवर्कचा वाद सोडा, स्ट्राइपच्या स्वतःच्या चेकआउट पानावर ग्राहकाला पाठवा. कार्डाचा फॉर्म तुमच्या पानावर येतच नाही, म्हणून पीसीआयची एसएक्यू ए ही सर्वांत हलकी प्रश्नावली पुरण्याची शक्यता जास्त. ते सेशन मूळ सेटिंगप्रमाणे २४ तासांनी संपतं, मुदत ३० मिनिटांपर्यंत खाली आणता येते. मर्यादित साठा अडवून ठेवायचा असेल तर ती आणाच.

फॉर्म आपल्याच पानावर हवा असेल तर पेमेंट एलिमेंट. नव्या प्रकल्पाला स्वेल्ट, संघाला रिॲक्ट येत असेल तर रिॲक्टच. केवळ या एका पानासाठी फ्रेमवर्क बदलू नये. पेपाल दुसरा पर्याय म्हणून जरूर ठेवा, अनेक ग्राहक कार्ड द्यायला कचरतात. एकटं पेपाल ठेवणं मात्र जमणार नाही.

लाइव्ह जाण्याआधी स्ट्राइपची तीन चाचणी कार्डं चालवून बघा: शेवटी ४२४२ असलेलं यशस्वी, ९९९५ वालं शिल्लक नसलेलं, आणि ३१५५ वालं पडताळणी मागणारं. तिसऱ्या कार्डावर बँकेची खिडकी उघडलीच नाही तर कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीतला (पानावर बाहेरचं काय लोड होऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या यादीतला) फ्रेमचा नियम तपासा, स्ट्राइपचे जेएस आणि हुक्स हे दोन्ही सबडोमेन तिथे लागतात. मग सीक्रेट की शोधा. व्हीट या बिल्ड साधनात 'व्हीट' या उपसर्गाने सुरू होणारं प्रत्येक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ब्राउझरच्या बंडलमध्ये उतरू शकतं. बिल्ड झालेल्या फोल्डरमध्ये 'एसके' ने सुरू होणारी की सापडली तर ती लगेच रद्द करून नवी घ्या, नुसती फाइल पुसून भागणार नाही.