ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम: लाईटच्या आधी की संपल्यावर?

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला बाहेरून द्यायचे ‘लाईट’ (रेडिएशन) साधारण ५ आठवडे, सोमवार ते शुक्रवार चालतात, मग ब्रेकीथेरपी, म्हणजे आतून द्यायचं रेडिएशन. या धावपळीत ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी कधी घ्यावी, हा प्रश्न बहुतेकींपुढे कुणी ठेवतच नाही. ठेवायला हवा.

लाईट सुरू होण्याआधी गेलात तर नेमका स्नायू ओळखता येतो. लघवी अडवताना आत-वर ओढला जातो तो. अनेकजणी त्याऐवजी पोट आवळतात, श्वास रोखतात. दुखत नसताना हे शिकणं सोपं. पुढे जुलाब, थकवा, कातडीची आग सुरू झाली की व्यायाम हलका करावा: आडवं पडून, श्वासाबरोबर स्नायू सैल सोडण्यापुरता. डायलेटर (योनिमार्ग मोकळा ठेवायला आत घालायची गुळगुळीत नळी) या काळात नको, सुजलेल्या नाजूक भागाला इजा होते.

नंतरचं काम वेगळं. योनिमार्ग कोरडा पडतो, आखडतो, त्याच्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात. मग संबंध दुखतात आणि डॉक्टरांना आतून तपासताही येत नाही. म्हणून एकट्या बाईलाही डायलेटर लागतो. लाईट आणि ब्रेकीथेरपी दोन्ही संपल्यावर २ ते ८ आठवड्यांत, डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं की, जेल लावून ५-१० मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा. किंचित डाग पडला तर घाबरू नका. लालभडक रक्त वाहिलं तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

घरी व्हिडिओ बघून भागेल का? लघवी गळत असेल तर आवळ-सोडीचा व्यायाम उपयोगाचा; डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी तो १९४८ मध्ये बाळंतपणानंतरच्या गळतीसाठीच मांडला. पण स्नायू मुळात ताठरलेला असेल तर आवळून दुखणं वाढतं, आणि ते सहसा हाताने तपासल्यावरच कळतं. तपासणीसाठी बाई थेरपिस्ट मागा. नको वाटलं तर मध्येच थांबवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. स्नायूंना विजेचे हलके झटके देणाऱ्या यंत्राचा उपचार सुचवला, तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

गावाहून मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलात येऊन धर्मशाळेत राहणाऱ्या बाईला दहा फेऱ्या जमत नाहीत. दोन तरी कराव्यात: एक लाईटच्या आधी, एक डायलेटर हाती पडेल तेव्हा. एकच जमणार असेल तर मी दुसरी निवडेन. स्नायूंचा व्यायाम वर्षभराने शिकला तरी गुण येतो. चिकटलेला मार्ग मोकळा करणं मात्र फार अवघड जातं.