आईचं हातकाम जपायला एप्सन परफेक्शन व्ही६०० स्कॅनर: कापडाला उत्तम, वहीला नाही

एकटीने मुलं वाढवलेल्या बाईचे फोटो घरात कमीच सापडतात. कॅमेरा तिच्याच हातात असायचा. अल्बमभर पोरं, आणि ती स्वतः कुठेतरी कडेला अर्धी. ती शिवणारी, भरणारी, चित्रं काढणारी असेल तर तिचा खरा ठसा भरतकामाच्या नमुन्यांत, कागदी कटिंगमध्ये (कपडे बेतायच्या कागदी नमुन्यांत) आणि हिशेबाच्या वहीत असतो. असं सगळं डिजिटल करायला हा फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेवर वस्तू पालथी ठेवायचा, स्कॅनर कितपत उपयोगी, एवढ्याच अंगाने हे परीक्षण.

मुद्दा चित्र टिपणाऱ्या सेन्सरचा आहे. स्वस्त, चपट्या स्कॅनरमध्ये सीआयएस सेन्सर (काचेलगतच बसवलेली पट्टी) असतो. काचेला चिकटलेला कागद तो छान टिपतो, पण वस्तू काचेपासून दोन-तीन मिलिमीटर वर गेली की धूसर. व्ही६००मध्ये सीसीडी हा दुसऱ्या प्रकारचा सेन्सर आणि लेन्स आहे, त्यामुळे उंचसखल वस्तूही बऱ्यापैकी स्पष्ट येते. गाठीच्या टाक्यांनी भरलेला रुमाल दोन्हीकडे ठेवून बघा: सीआयएसवर गाठी तेवढ्या नीट, खालचं कापड पुसट, इथे कापडाची वीणसुद्धा मोजता येते.

भरतकाम स्कॅन करताना झाकण दाबू नका, टाके चपटे होतात. वरून पांढरा किंवा काळा कार्डबोर्ड अलगद ठेवा. कापड पातळ असेल तर काळाच, म्हणजे आरपार काही दिसत नाही. ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) पुरे. स्कॅनरचा उजेड ठरावीक दिशेने पडतो, म्हणून सॅटिन टाक्याची चमक एका बाजूने वेगळी आणि कापड ९० अंशांत फिरवलं की वेगळी दिसते. दोन्ही स्कॅन ठेवा. आणि उलटी बाजू चुकवू नका. दोरा कुठून कुठे ओढला, कुठे उसवून पुन्हा भरलं, रंग संपला म्हणून जवळची छटा कुठे घातली, हे सगळं मागेच कळतं. हट्टी बाईचा हट्ट बघायचा तर तिथे. (आवरून, गाठी लपवून काम करणारीचीही मागची बाजू बोलतेच.)

कागदी कटिंग मोठं असतं आणि काच साधारण ए४ची, २१६ × २९७ मिमी. तुकड्यांत स्कॅन करून जोडावं लागतं. प्रत्येक तुकडा शेजारच्यावर पाव भाग तरी चढलेला हवा, नाहीतर जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला खुणा सापडत नाहीत. कडेला मोजपट्टी ठेवा, म्हणजे पुढे मूळ मापात छापता येईल. कटिंग वर्तमानपत्रावर असेल तर शाई काचेला लागते, दर दोन-तीन तुकड्यांनंतर काच पुसायची. द्रव कापडावर घ्यायचा, काचेवर फवारायचा नाही. कडेने आत शिरला तर आतून डाग पडतो. तसंही या स्कॅनरच्या काचेच्या आतल्या बाजूला काही वर्षांनी धुरकट थर धरतो, ही त्याची जुनी तक्रार आहे.

फोटोंना ६०० डीपीआय ठेवा. ४ × ६ इंची फोटो २४०० × ३६०० पिक्सेलचा होतो, टिफ फाइल (दर्जा न घटवता साठवलेली) २६ एमबीच्या आसपास. सॉफ्टवेअरच्या प्रोफेशनल मोडमध्ये जाऊन अनशार्प मास्क (कडा ठळक करणारी सोय) बंद करा, नाहीतर कडांना कृत्रिम पांढरी रेघ येते. खरखरीत कागदावरच्या जुन्या फोटोंत प्रत्येक उंचवटा चमकतो. तो फोटो १८० अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन करा आणि दोन्ही प्रती एकमेकींवर बसवा, चमक बरीच कमी होते. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो उपटू नका. वरचा प्लास्टिकचा पापुद्रा उचलून अख्खं पान काचेवर पालथं घाला. सीसीडीची किंमत इथे वसूल होते.

निगेटिव्हला मात्र अपेक्षा आवरा. खोक्यावर ६४०० डीपीआय लिहिलंय, पण तेवढा तपशील लेन्स देत नाही. २४०० ते ३२०० ठेवा, पुढे फक्त फाइल फुगते. फिल्म धरायच्या होल्डरमध्ये ३५ मिमीच्या १२ फ्रेम बसतात, पण वळलेली फिल्म मधे झोळते आणि फोकस जातो. आधी जड पुस्तकाखाली सपाट करून घ्या. झाकणातली पांढरी पाटी काढायला विसरलात तर फिल्मचा स्कॅन होणारच नाही. इन्फ्रारेड उजेडाने धूळ शोधून काढणारी डिजिटल आइस ही सोय रंगीत निगेटिव्हवर छान चालते, नेहमीच्या कृष्णधवल फिल्मवर नाही: त्या फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते आणि आइस चित्रालाच धूळ समजून पुसायला जाते. तिथे ती बंदच.

आता वहीचं. बांधलेली वही पालथी दाबली की शिवण सुटते, आणि मधल्या खाचेतलं अक्षर तरीही वाकडं येतं. वही अर्धवट उघडी ठेवून, वरून फोनने किंवा कॅमेऱ्याने, दोन बाजूंनी उजेड पाडून फोटो काढा. सुटी पानं असतील तर स्कॅनर चालेल, पण रंगीत मोडमध्ये. काळ्या-पांढऱ्यात फिकी पेन्सिल नाहीशी होते, आणि ‘फी भरली’वर मारलेली लाल रेघ व तिच्याखालचा निळा आकडा एकच होऊन बसतात. पानामागे काळा कागद ठेवला की पाठची शाई दिसत नाही.

पहिल्यांदा चालू करण्याआधी वाहतुकीसाठीचं लॉक उघडा, नाहीतर आतला स्कॅनिंगचा भाग हलत नाही आणि मशीन बिघडलंय असं वाटतं. घरात फक्त सुटी पत्रं आणि फोटो असतील तर हा घेऊ नका, साधा सीआयएस स्कॅनर पुरतो आणि जागाही कमी अडवतो. कापड, चिकट अल्बम आणि निगेटिव्ह तिन्ही असतील तर हाच घ्या. नवाच हवा असंही नाही. वापरलेला घेताना झाकण उघडून काचेवर टॉर्च तिरकी मारा, आतला धुरकट थर लगेच दिसतो, आणि फिल्मचे होल्डर सोबत आहेत ना ते आधी विचारा.