घरपट्टी वाढवायची की वरच्या निधीची वाट बघायची? ग्रामसभेला जाण्याआधी वाचा

घरपट्टी वाढीचा विषय निघाला की ग्रामसभेत मागच्या बाकावरून एकजण हमखास बोलतोच, अहो पेट्रोलवर एवढा कर भरतोय आम्ही, त्यातून करा की गावची कामं. त्याचा राग खोटा नाही. फक्त तो पैसा जातो कुठे ते बघा.

आपल्याकडे महाराष्ट्रात पेट्रोलवर व्हॅट 25 टक्के, वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे. वर्षाला 300 लिटर जाळलंत तर नुसत्या त्या 5.12 चेच 1536 रुपये झाले, साध्या कौलारू घराची घरपट्टी बऱ्याच गावांत याच्या आत असते. पण हे सगळं राज्याच्या तिजोरीत, तुमच्या वाडीच्या पाखाडीसाठी (दगडी पायवाटेसाठी) त्यातला ठरलेला वाटा असा काही नाही. केंद्राचं तर विचारूच नका, मे 2022 मध्ये पेट्रोलवरची एक्साइज (उत्पादन शुल्क) कमी केली तेव्हा लिटरला 19 रुपये 90 पैसे उरले आणि त्यातला राज्यांशी वाटायचा भाग किती, तर 1 रुपया 40 पैसे, बाकी सेस आणि अधिभार, तो वाटायचं बंधनच नाही. त्यात गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याकडची मंडळी टाकी गोव्यात जाऊन फुल करतात, तिकडे व्हॅट कमी ना, मग तो कर महाराष्ट्रालाही नाही.

बरं, वरून येतं त्याचं काय? 15 व्या वित्त आयोगाचा निधी यायचा, पण 2021-22 पासून त्यातला 60 टक्के फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी राखलेला. उरलेल्या 40 मधून पगार देता येत नव्हते. म्हणजे टाकी बांधून होते, पण रोज पंप चालू करणाऱ्याला द्यायचे पैसे गावानेच बघायचे.

घरपट्टीचं उलट आहे. रक्कम लहान, पण ती ग्रामनिधीत जमा होते आणि दिव्याचं बिल, घंटागाडी, गटारं त्यातून निघतं, आणि हिशोब विचारायला मंत्रालयात जावं लागत नाही. 2015 च्या शेवटी नियम बदलले तेव्हापासून ती भांडवली मूल्यावर (जमीन आणि बांधकामाच्या किमतीवर) लागते, म्हणजे जुन्या चिरेबंदी घराला घसारा (वयामुळे किमतीत सूट) मिळतो, नवीन स्लॅबच्या बंगल्याला जास्त बसते, लॉज-दुकानाला त्याहून जास्त. कागदावर बरं आहे. पण समुद्राकाठी रेडी रेकनर (जमिनीचा सरकारी दर) वाढला की एकट्या राहणाऱ्या आजीचंही बिल वाढतं, तिच्या हातात पैसा मात्र तेवढाच, हा या कराचा खरा दोष. पेट्रोलचा कर निदान गाडी फिरवणाऱ्यालाच लागतो (अर्थात एसटी, भाजीचा टेम्पो सगळ्यांनाच डिझेल लागतं, आणि मच्छीमारांना डिझेलवरचा कर परत मिळतो खरा पण आधी खिशातून भरून मग वाट बघायची).

चाकरमानी (नोकरीसाठी मुंबईत राहणारे गावकरी) म्हणतात घर तर वर्षभर बंद, आम्ही का भरायचं. मला हे पटत नाही. गणपतीला त्याच घरात पंधरा माणसं उतरतात आणि नळाला पाणी आलं नाही तर पहिला फोन सरपंचांनाच जातो!

माझं मत विचाराल तर गावात लॉज, नवे बंगले वाढले असतील तर सरसकट वाढीला नाही म्हणा आणि फेरआकारणी मागा, कारण व्यवसाय चालू असून असेसमेंटला (घरपट्टीच्या नोंदवहीत) राहतं घर अशीच नोंद असलेल्या इमारती किनाऱ्यावर कमी नाहीत. गावात नुसतीच जुनी आणि कुलूपबंद घरं असतील तर मात्र वाढवूनही फारसं हाती लागणार नाही, तिथे किनाऱ्यावरचं पार्किंग आणि जमीन व्यवहाराच्या मुद्रांक शुल्कातून ग्रामपंचायतीला मिळणारा हिस्सा नीट येतोय का ते बघावं. आणि मतासाठी हात वर करण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) घरपट्टीची मागणी किती, वसुली किती एवढं वाचून दाखवायला सांगा. निम्मीच वसुली असेल तर वाढीचा बोजा जे आत्ता वेळेवर भरतात त्यांच्यावरच पडणार, मग आधी थकबाकीदारांची यादी काढा, त्यात सदस्यांची नावं असली तरी.