जुन्या डिस्कवरचं ‘ॲक्सेस डिनाइड’: सिक्युरिटी टॅब बरा की कमांड?

जुना डेस्कटॉप मोडीत काढला, त्यातली हार्ड डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून नव्या लॅपटॉपला लावली, आणि ‘युजर्स’मधलं आपल्याच नावाचं फोल्डर उघडेना. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. फोटो आहेत, वडिलांनी श्रीलिपीत टाइप केलेली पत्रं आहेत, सातबाराचे स्कॅन आहेत. सगळं शाबूत आहे, फक्त विंडोज हात लावू देत नाही. घरच्या घरी यावर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधला सिक्युरिटी टॅब. दुसरा म्हणजे ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडलेला कमांड प्रॉम्प्ट आणि त्यात मालकी घेणारी ‘टेकओन’ (takeown) व परवानग्या बदलणारी ‘आयकॅकल्स’ (icacls) या दोन कमांड. घरच्या आणि नातेवाइकांच्या मशीनवर मी दोन्ही वापरले आहेत आणि दोन्हींनी काम होतं. तरी माझा हात आता आपसूक एकाकडेच जातो.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहू, कारण निवड त्यावरच ठरते. विंडोजच्या लेखी माणूस म्हणजे एसआयडी, ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक. नवी विंडोज टाकली की तो नव्याने तयार होतो. जुन्या मशीनवरचा ‘बाबा’ आणि नव्यावरचा ‘बाबा’ यांचं नाव एकच, पण आधार क्रमांक वेगळे, असा हा प्रकार. म्हणून टॅबमध्ये जुन्या मालकाच्या जागी ‘अकाउंट अननोन’ आणि पुढे तो क्रमांक दिसतो. ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ या गटाचा क्रमांक मात्र प्रत्येक विंडोजवर तोच असतो: एस-१-५-३२-५४४. जुन्या प्रोफाइलच्या फोल्डरवर सहसा या गटाला पूर्ण हक्क दिलेलेच असतात. म्हणजे हक्क तुमच्याकडे आहेत, पण फाइल एक्सप्लोरर साध्या युजरच्या अधिकारात चालतो म्हणून ते लागू होत नाहीत. एवढं लक्षात आलं की अर्धी धास्ती तिथेच संपते. पेन ड्राइव्हला ही भानगड सहसा नसते, कारण तो एक्सफॅट किंवा फॅट३२ या फाइल मांडणीत असतो आणि तिथे परवानग्या लिहून ठेवायची सोयच नाही. विंडोजच्या हार्ड डिस्कवरच्या एनटीएफएस या मांडणीत मात्र ती १९९३च्या विंडोज एनटी ३.१पासून आहे.

फोल्डरवर डबल क्लिक केल्यावर ‘कंटिन्यू’चं बटण येतं, ते दाबलं तर भागतं का? बहुतेक वेळा भागतं. व्हिस्टात ते बटण तुमच्या खात्याला वाचण्याचे आणि चालवण्याचेच हक्क द्यायचं, नंतरच्या विंडोजमध्ये ते पूर्ण हक्क देतं.  तरी मी त्याला पुरता तोडगा म्हणत नाही.

आता सिक्युरिटी टॅब. याचा मोठा गुण असा की कुणाला काय हक्क आहेत ते एका नजरेत कळतं. काही टाइप करावं लागत नाही, स्पेलिंग चुकायची भीती नाही. एकच फाइल किंवा एखादंच फोल्डर अडलं असेल तर ॲडव्हान्स्डमध्ये जायचं, ओनरसमोरचं ‘चेंज’ दाबायचं, आपलं नाव घालायचं, ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स’वर टिक करायची आणि ओके. मग विंडोज सांगते की मालकी आत्ताच घेतली असेल तर प्रॉपर्टीज बंद करून पुन्हा उघडा. ते करून स्वतःला ‘फुल कंट्रोल’ द्यायचा. ज्यांनी एक्सपी होम वापरलंय त्यांना आठवत असेल, हा टॅब दिसायला सेफ मोडमध्ये जावं लागायचं. व्हिस्टापासून तो त्रास गेला. आता होम आवृत्तीतही टॅब समोरच असतो.

माझं बिनसलं ते मोठ्या फोल्डरवर. वर्षानुवर्षांचे फोटो, आत फोल्डर, त्याच्या आत आणखी फोल्डर. ओके दाबलं की हिरवी पट्टी सरकू लागते, आणि मध्येच एक चौकट येते: ‘एरर अप्लाइंग सिक्युरिटी’. खाली त्या फोल्डरचा पत्ता, ‘फेल्ड टू एन्युमरेट ऑब्जेक्ट्स इन द कंटेनर’ हे वाक्य, आणि दोन बटणं, कंटिन्यू व कॅन्सल. तुम्ही काही दाबेपर्यंत सगळं काम थांबतं. कंटिन्यू दाबलं की पट्टी पुढे जाते आणि थोड्या वेळाने तीच चौकट दुसऱ्या पत्त्यासह हजर. ‘सगळ्यांसाठी कंटिन्यू’ असं बटण तिथे नाही. म्हणजे चहा ठेवायला उठायचीही सोय नाही. आलात की कळतं, तुम्ही उठल्या उठल्याच ते अडून बसलं होतं. हा वेळखाऊपणा एक वेळ सोसला असता, पण खरा त्रास पुढे आहे. सगळं संपल्यावर कोणकोणती फोल्डरं राहून गेली याची कुठेही नोंद नसते. चौकटीत दिसलेले पत्ते हाताने कागदावर उतरवले असतील तर ठीक, नाहीतर महिन्याभराने एखादा अल्बम उघडताना कळणार. घरच्या फोटोंच्या बाबतीत मला हे चालत नाही.

कमांडचा रस्ता इथेच उजवा ठरतो. आयकॅकल्सला फोल्डरचा पत्ता द्यायचा, मग ‘स्लॅश ग्रँट’, आपलं युजरनेम आणि कोलन, मग कंसात ओआय, कंसात सीआय आणि एफ, म्हणजे पूर्ण हक्क. ओआय-सीआयमुळे तो हक्क आतल्या फाइलींना आणि फोल्डरांना उतरतो. शेवटी स्लॅश टी म्हणजे आतपर्यंत जा, स्लॅश सी म्हणजे चूक आली तरी थांबू नको, आणि स्लॅश क्यू म्हणजे जमलेल्यांची यादी दाखवू नको. हे चालू करून खुशाल जेवायला बसा. परत याल तेव्हा पडद्यावर फक्त अडलेल्या फाइलींचे पत्ते असतात आणि खाली एक ओळ: इतक्या फाइल्स ‘सक्सेसफुली प्रोसेस्ड’, इतक्या ‘फेल्ड’. त्या ‘फेल्ड’पुढे शून्य दिसलं की विषय मिटला. नसेल तर नेमकं कुठे बघायचं ते समोर आहे. माझ्यासाठी निर्णय या एका ओळीने केला.

मालकी घेणारी टेकओन ही कमांड लोक सरसकट आधी चालवतात. माझ्या अनुभवात जुन्या प्रोफाइलसाठी ती बऱ्याचदा लागतच नाही. वर सांगितल्याप्रमाणे ॲडमिनिस्ट्रेटर्सना हक्क असतातच, त्यामुळे आयकॅकल्स एकटी पुरते. जिथे ‘फेल्ड’ येतात तेवढ्याच फोल्डरांवर टेकओन चालवावी, स्लॅश आर आणि स्लॅश डी वाय जोडून, म्हणजे ती दर फोल्डरला विचारत बसत नाही. जर्मनीत वगैरे राहणाऱ्यांसाठी एक सूचना: विंडोज जर्मन असेल तर वायच्या जागी ‘जे’ (J) हे अक्षर द्यावं लागतं. गटाचं नावही तिथे वेगळं असतं, म्हणून नावाऐवजी चांदणी लावून तो ५४४वाला क्रमांक लिहावा.

कमांडचे तोटे नाहीत असं नाही. युजरनेम काय लिहायचं इथपासूनच काहीजण अडतात, कारण मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करणाऱ्याचं आतलं नाव वेगळं असू शकतं. ‘व्हूॲमआय’ (whoami) ही कमांड ते सांगते. फोल्डरची नावं मराठीत असतील तर प्रॉम्प्टमध्ये नुसते चौकोन दिसू शकतात, पण कमांड बरोबर चालते. पत्ता टाइप करू नका. शिफ्ट धरून राइट क्लिक करा आणि ‘कॉपी ॲज पाथ’ घ्या, अवतरणचिन्हांसकट मिळतो. ड्राइव्हचं अक्षर दोनदा तपासा. हा प्रयोग चालू विंडोजच्या फोल्डरवर झाला तर ट्रस्टेडइन्स्टॉलरची, म्हणजे विंडोजच्या फाइलींच्या मूळ मालकाची, सगळी मांडणी विस्कटते आणि ती पूर्ववत करणं जिकिरीचं असतं. जुन्या ‘युजर्स’वरही सरसकट कमांड सोडू नये. पिक्चर्स, डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप एवढ्यांवरच चालवावी. ॲपडेटामध्ये ‘ॲप्लिकेशन डेटा’ नावाची जंक्शनं, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे वळवणारे दुवे, असतात, ती फिरून आपल्याच फोल्डरकडे येतात.

डिस्क जुनी आहे, कुरकुरतेय आणि नव्या मशीनवर जागा भरपूर आहे, असं असेल तर मी परवानग्या बदलण्याच्या फंदातच पडत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर प्रॉम्प्टमधून रोबोकॉपी (robocopy) ही कॉपी करणारी कमांड स्लॅश बीसह चालवली की ती बॅकअपच्या अधिकारात फाइली वाचते, मूळ डिस्कवर काहीही लिहीत नाही, आणि प्रतींना नव्या जागेच्या परवानग्या आपोआप मिळतात. आतली फोल्डरं यावीत म्हणून स्लॅश ई, आणि जंक्शनं वगळायला स्लॅश एक्सजे. स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १ मात्र विसरू नका. नाहीतर एकेका बिघडलेल्या फाइलसाठी ती ३० सेकंद थांबत दहा लाख वेळा प्रयत्न करते.

एखाददुसरं फोल्डर असेल आणि कमांडची सवय नसेल तर टॅब वापरा, त्यात कमीपणा काहीच नाही. पण अख्ख्या घराचा डेटा असेल तर अर्धा तास खर्चून आयकॅकल्स शिकून घ्या असंच मी सांगेन.

एका ठिकाणी दोन्ही रस्ते सारखेच निरुपयोगी. फाइलच्या आयकनवर छोटं कुलूप दिसत असेल किंवा नाव हिरव्या अक्षरात असेल तर ती ईएफएसने, म्हणजे विंडोजच्याच फाइल-कुलपाने, कूटबद्ध केलेली आहे. होम आवृत्तीत ही सोय नसते, त्यामुळे प्रोसारख्या आवृत्त्या वापरणाऱ्यांनाच हे दिसतं. अशी फाइल मालकी मिळाली तरी उघडत नाही, जुन्या खात्याचं सर्टिफिकेट लागतं. जुनं मशीन अजून चालू होत असेल तर डिस्क काढण्याआधी त्यात लॉगिन करून ते सर्टिफिकेट खासगी कीसह पीएफएक्स फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवा.