पुंता कानातला फुकटचा ब्रेकफास्ट

थंडी पडली की न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीपाळखीत कुणी ना कुणी डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता काना या समुद्रकाठच्या ठिकाणाबद्दल विचारतंच. कारण उघड आहे. नेवार्कहून विमानाने साधारण चार तास, भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर डोमिनिकन रिपब्लिकचा वेगळा व्हिसा लागत नाही, आणि एकदा पैसे भरले की खाणं-पिणं सगळं रिसॉर्टमध्येच. विचारणारे दोनच गोष्टी विचारतात: बीच कसा आहे आणि व्हेज मिळतं का. बीच सुंदर आहे. व्हेजचं म्हणाल, तर भात आणि राजम्यासारख्या घेवड्याची उसळ तिथे रोजच असते, फक्त त्यात मांस घातलंय का ते विचारून घ्या. पण मला सांगायचंय ते तिसऱ्याच गोष्टीबद्दल, जी कुणी विचारत नाही: फुकटच्या ब्रेकफास्टला बोलावून रिसॉर्टमध्येच गळ्यात मारल्या जाणाऱ्या मेंबरशिपबद्दल.

निघण्याआधीचं एक पटकन सांगते. या देशात जाता-येता ई-तिकीट नावाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. तो सरकारी साइटवर फुकट आहे. गूगलवर शोधलं की अगदी तशाच दिसणाऱ्या, माणशी डॉलर उकळणाऱ्या साइट्स वर येतात. देशात शिरताना लागणाऱ्या टुरिस्ट कार्डाचे 10 डॉलरही बहुतेक विमानतिकिटांतच धरलेले असतात. दोन्हीसाठी वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

खरी फसवणूक सुरू झाली ती पुंता कानातल्याच बाव्हारोच्या किनाऱ्यावरच्या त्या मोठ्या रिसॉर्टमध्ये चेक-इन करताना. काउंटरवर मुलीने मनगटाला पट्टे बांधले, खोलीची कार्डं दिली आणि म्हणाली, "आता त्या टेबलाकडे जा, तुमचं स्वागत-किट तिथे आहे." ते टेबल हॉटेलचं नसतं. गणवेश तसाच, नावाची पट्टी तशीच, पण तिथला माणूस असतो व्हेकेशन क्लबच्या, म्हणजे आधी मोठी रक्कम भरून पुढच्या सुट्ट्यांसाठी स्वस्तात खोली देऊ करणाऱ्या मेंबरशिपच्या, विक्रीचा. त्याने नकाशा दिला, बीच टॉवेलची कार्डं दिली आणि सहज म्हणून विचारलं: लग्नाला किती वर्षं झाली, दोघंही नोकरी करता का, कार्ड कुठल्या बँकेचं वापरता. मग आमंत्रण. उद्या सकाळी खास ब्रेकफास्ट, नव्या इमारतीची सैर, फक्त नव्वद मिनिटं, आणि बदल्यात साओना बेटाची बोट-सहल दोघांना फुकट. जागा पक्की करायला 20 डॉलर ठेवा, आलात की परत. अट एकच, नवरा-बायको दोघांनी यायचं.

पुण्या-ठाण्यात मॉलबाहेर लकी ड्रॉचं कूपन भरून घेतात, मग फोन येतो, "अभिनंदन, तुम्हाला तीन रात्रींचं पॅकेज लागलंय, जोडीने हॉटेलात या." तोच हा प्रकार, फक्त इथे तुम्ही आधीच त्यांच्या आवारात राहता. बाहेर पडून रिक्षा पकडायची सोय नाही. अशी रिसॉर्टं फाटकबंद असतात, बाहेरचा रस्ता लांब.

सकाळी आमच्या टेबलाशी आलेला गृहस्थ फार गोड बोलायचा. "नमस्ते" म्हणाला, मुलांची नावं विचारली, भारतातून आई-बाबा येतात का विचारलं. हा शेवटचा प्रश्न साधा नव्हता. तासाभराने तो म्हणाला, "पुढच्या वर्षी त्यांनाही इथे आणा, त्यांची वेगळी खोली मेंबरला जवळजवळ फुकट." नवरा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "अगं, बाबांना समुद्र किती आवडतो." तो क्षण त्या माणसाने बरोबर हेरला.

मेंबरशिपचा पहिला आकडा 34 हजार डॉलर होता. तो विकण्यासाठी नसतोच, पुढचा आकडा स्वस्त वाटावा म्हणून असतो. नाही म्हटलं की "मॅनेजर" येतो, कागदावर खट्कन रेघ मारतो, 19 हजार लिहितो. पुन्हा नाही म्हटलं की तिसरी व्यक्ती येते, खेळीमेळीने म्हणते, "ते राहू दे हो, कुणीतरी रद्द केलेली एक ट्रायल मेंबरशिप माझ्याकडे आहे." 6,400 डॉलर, पण सही आजच. नव्वद मिनिटं केव्हाच उलटून दुपार झालेली, मुलं किड्स क्लबमध्ये, हातात वाइनचा ग्लास दिलेला. तीन गोष्टी तोंडी सांगितल्या गेल्या: वार्षिक फी नाही, महिन्याभरात रद्द करता येईल, आणि नको झाली तर दोन वर्षांनी क्लबच परत विकत घेईल.

आम्ही हो म्हटलं. त्यानंतर एका छोट्या खोलीत नेतात. वीसेक पानांचा करार, प्रत्येक पानावर आद्याक्षरं, आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर प्रश्नोत्तरं. तिथे जाण्याआधी आमच्या गोड गृहस्थाने बजावलं, "परत विकत घेण्याबद्दल विचारतील, तेव्हा नाही म्हणा. आमच्या वकिलांना तो शब्द चालत नाही, नुसती औपचारिकता आहे." हा सगळ्या प्रकरणाचा गाभा. तुमच्याच तोंडून, तुमच्याच चेहऱ्यासकट, आश्वासन मिळालं नव्हतं असं वदवून घेतात. पुढे तक्रार केली की तो व्हिडिओ बँकेकडे जातो. पैसेही एका कार्डावर घेतले नाहीत, "मोठी रक्कम बँक अडवते" म्हणून दोघांच्या कार्डांवर 3,200-3,200 असे घेतले.

रात्री मुलं झोपल्यावर करार वाचला. दुसऱ्या वर्षापासून क्लबची वार्षिक देणी. खोली "उपलब्ध असल्यास". करार रद्द करता येणार नाही. तोंडी बोललेलं काहीही बंधनकारक नाही. करार करणारी कंपनी डोमिनिकन रिपब्लिकमधलीही नव्हती, तिसऱ्याच देशात नोंदवलेली होती. मग आम्ही त्याच रिसॉर्टचा पुढच्या मार्चमधला एक आठवडा बुकिंगच्या साध्या साइटवर बघितला. मेंबरच्या दरापेक्षा तो स्वस्त होता!

"महिन्याभरात रद्द करता येईल" हे अमेरिकेतून आलेल्यांना पटतं, कारण तिकडे खरंच असा कायदा असतो. फ्लोरिडात टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या जागेत दरवर्षी काही दिवस राहण्याचा हक्क, विकत घेतला तर 10 दिवसांत रद्द करता येतं, मेक्सिकोत कामकाजाचे 5 दिवस मिळतात. पण तो हक्क त्या-त्या ठिकाणच्या कायद्याचा. तुम्ही कुठून आलात यावर तो ठरत नाही, आणि विकणारे नेमका हाच गोंधळ वापरतात. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये ग्राहक संरक्षणाचा 358-05 क्रमांकाचा कायदा आहे, प्रो कोन्सुमिदोर नावाची सरकारी संस्था आहे, तिथे आम्ही तक्रार नोंदवली. रद्द करण्याचं पत्र मात्र त्याच रात्री ईमेलने पाठवलं आणि सकाळी छापील प्रत विक्रीच्या ऑफिसात देऊन पोच मागितली. पोच देईनात. नवऱ्याने टेबलावर ठेवलेल्या पत्राचा फोटो काढला, मागची पाटी दिसेल असा. त्या फोटोचा पुढे उपयोग झाला.

घरी येऊन दोन्ही बँकांकडे कार्डावरच्या या रकमेबद्दल वाद नोंदवला. अमेरिकेत क्रेडिट कार्डाचं बिल पाठवल्यापासून 60 दिवसांत लेखी तक्रार करायची असते. फोनवर बोलून थांबू नका, पत्र पाठवा. "मला फसवलं" एवढंच लिहिलं तर क्लबवाले सहीचा करार दाखवून मोकळे होतात. आम्ही लिहिलं की सेवा वापरण्याआधीच, चोवीस तासांच्या आत रद्द केली, आणि हा पुरावा. माझ्या बँकेने पैसे परत दिले. नवऱ्याच्या बँकेने आधी तात्पुरते जमा केले, मग कंपनीचा व्हिडिओ आल्यावर काढून घेतले. म्हणजे 3,200 डॉलर गेले ते गेलेच.

साओनाच्या सहलीचं व्हाउचरही बघण्यासारखं होतं. बायाहीबेच्या बंदरापर्यंतची गाडी, बोटीवरचं जेवण आणि "बंदर कर" वेगळा, तोही रोख. तीच सहल रिसॉर्टबाहेरचा एजंट जवळपास तेवढ्यातच देत होता. सोबत भेट म्हणून निळ्या लारिमार खड्याचं पेंडंट मिळालं. हा खडा जगात फक्त त्याच देशात, बाराओना प्रांतात निघतो, म्हणून तो खपतोही फार आणि त्याच्या नकलाही फार. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या सोनाराने बघून हसत परत दिलं.

चेक-इनच्या दुसऱ्या टेबलाशी काय बोलायचं ते आता आम्ही सगळ्यांना सांगतो. "टॉवेलची कार्डं द्या, प्रेझेंटेशन नको," एवढंच. कारण देऊ नका. वेळ नाही म्हटलंत तर उद्याची वेळ देतात, पैसे नाहीत म्हटलंत तर हप्ते देतात. आणि 20 डॉलर आधीच ठेवले असतील तर सोडून द्या.

काही महिन्यांनी फ्लोरिडाच्या नंबरवरून एका बाईंचा फोन आला. आमचा करार क्रमांक त्यांना पाठ होता. म्हणाल्या, तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक मिळालंय, 9 हजार देतोय, फक्त हस्तांतराचा कर 1,800 डॉलर तुम्ही आधी वायर करा. पुनर्विक्रीसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन बजावत असतं. नवऱ्याने बाईंना सांगितलं की कर त्या 9 हजारांतूनच कापून घ्या आणि उरलेले पाठवा. त्यांनी फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नंबरवरून दुसरा माणूस, तोच करार क्रमांक, कर आता 1,450.