लिनक्स कर्नलचं स्ट्रक्ट_साइझ, दीड वर्ष वापरून

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात डिव्हाइस ड्रायव्हरचा कोड लिहायचं काम करून राहिलो मी, तिथला हा अनुभव. स्ट्रक्ट_साइझ म्हणजे एक हेडर आणि त्यामागच्या ॲरेला मिळून किती बाइट मेमरी लागेल ते सांभाळून मोजणारा कर्नलमधला मॅक्रो.

आमच्या जुन्या कोडमधे केमॅलॉकला, म्हणजे कर्नलमधे मेमरी मागायच्या फंक्शनला, सरळ हेडर अधिक काउंट गुणिले एन्ट्रीचा आकार असं दिलेलं होतं आणि काउंट, म्हणजे किती एन्ट्री हव्यात तो आकडा, यायचा युजरकडून. हेडर सोडा, ३२ बिटच्या बोर्डवर एन्ट्री १६ बाइटची अन काउंट २६,८४,३५,४५७ धरा, गुणाकार ४,२९,४९,६७,३१२ येतो, तो मावतच नाही, गोल फिरून हातात उरतात १६. केमॅलॉक तेवढेच देतो आणि लूप मात्र पूर्ण काउंट धरून दुसऱ्याच्या मेमरीत लिहीत सुटतो. खाली तर्री पोहे खाताना ज्युनियरने विचारलं, "भाऊ, एवढा काउंट देईल कोण?" वर येऊन टेस्ट प्रोग्राममधून मीच दिला, बोर्ड लगेच पॅनिक, म्हणजे कर्नलच बंद पडला. ६४ बिटवरही निवांत राहू नका, दोन्ही आकडे ३२ बिटच्या व्हेरिएबलमधून आले तर गुणाकारही ३२ बिटमधेच होतो.

स्ट्रक्ट_साइझला पॉइंटर, शेवटच्या ॲरेचं नाव आणि काउंट द्यायचा, बास. ओव्हरफ्लो झाला, म्हणजे उत्तर मावलं नाही, की तो साइझ_टी (मेमरीचे आकार ठेवायचा टाइप) मधला सगळ्यात मोठा आकडा देतो, तेवढी मेमरी मिळणारच नाही, अलोकेशन फेल, नल (रिकामा पॉइंटर) आला की एरर परत. मला हेच सगळ्यात आवडलं, चूक छोट्या आकड्यामागे लपून बसत नाही. हे २०१८ मधे कर्नल ४.१८ सोबत आलं, कर्नल डेव्हलपर केस कुक यांनी तेव्हा कॉक्सिनेल (कोडमधे आपोआप बदल करणारं टूल) स्क्रिप्टने कर्नलभरातले कॉल बदलून टाकले. साधा ॲरे असेल तर केमॅलॉक_ॲरे किंवा केकॅलॉक पुरे.

आता खटकलेलं. निकाल इंट या साध्या पूर्णांकाच्या टाइपमधे ठेवला तर सगळी मेहनत वाया, साइझ_टीच हवा. आणि त्याच्यापुढे प्लस लावून अजून चार बाइट जोडले तर तो मोठा आकडा परत फिरून ३ होतो, आमच्याकडे असं एका जागी खरंच निघालं. त्यासाठी साइझ_ॲड वापरा, ते बेरीज मावली नाही तर त्याच मोठ्या आकड्यावर थांबतं, २०२२ च्या कर्नल ५.१८ पासून आहे. एका जुन्या बोर्डच्या कर्नलमधे यातलं काहीच नव्हतं, तिथे गुणाकाराआधी भागाकार करून इफ लावत बसलो, दोन दिवस गेले.

पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार त्या प्लससाठी कापला, कारण तिथे कंपायलर एक शब्द बोलत नाही.